जवारी, मींड आणि विजेचा सूर

मिरजेत तंबोरा तयार झाला की शेवटचं काम उरतं ते जवारी लावण्याचं. कारागीर घोडीचा माथा कानशीनं हलकेच घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवतो. केसभर इकडे, केसभर तिकडे. एका नेमक्या जागी बसका आवाज एकदम खुलतो आणि षड्जाच्या पोटातून पंचम, गंधार उमटायला लागतात. तार तीच, तिचा ताणही तोच. दोऱ्यानं फक्त सुरात दडलेल्या उपस्वरांना वाट करून दिलेली असते.

श्रोतेहो, ॲनालॉग सिंथेसायझरसमोर बसलेला वादकही याच कामात गुंतलेला असतो. त्याच्याकडे तारेच्या जागी वीज असते. ऑसिलेटर नावाचं सर्किट विजेला ठरावीक वेगानं हेलकावे देतं आणि स्पीकरमधून त्याचा सूर होतो. लहरीचा आकार करवतीच्या दात्यांसारखा असेल तर तिच्यात सगळे उपस्वर असतात, आवाज भरदार आणि पितळी वाद्याच्या वळणाचा येतो. लहर चौकोनी असेल तर फक्त विषम क्रमांकाचे उपस्वर उरतात, आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ होतो. पुढचं काम फिल्टरचं. त्याचा नॉब एका बाजूला फिरवला की वरचे उपस्वर छाटले जातात. रेझोनन्स चढवला की जिथं छाटणी होते तिथलाच उपस्वर शीळ घातल्यासारखा पुढे येतो. मग तो नॉब सावकाश फिरवत न्यावा. एकामागून एक उपस्वर उजळत जातात, आणि तंबोऱ्याजवळ बसलेल्या माणसाला हा आवाज अजिबात परका वाटत नाही.

हे यंत्र वादकाच्या हाताशी आणलं रॉबर्ट मूग यांनी. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावात, हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साथीनं, १९६४ मध्ये त्यांनी त्याचा पहिला नमुना उभा केला. त्यांचा नियम साधा होता: विजेचा दाब एक व्होल्टनं वाढला की सूर एक सप्तक वर जातो. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी याच यंत्रावर बाखच्या रचनांची तबकडी केली. एका वेळी एकच स्वर निघत असल्यानं एकेक ओळ वेगळी वाजवून त्यांनी ती टेपवर रचली.

१९६९ मध्ये मूगचं यंत्र अहमदाबादला, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत पोचलं. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते तिथं बसवून दिलं. या स्टुडिओमागे गीता साराभाई होत्या. पखवाज वाजवणाऱ्या, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवणाऱ्या. गीताबाईंसह अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथं ध्वनिमुद्रणं केली. त्या टेप पुढं संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. २०१७ मध्ये पॉल पुर्गस या कलावंताच्या हाती त्या लागल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. देशाच्या संगीताच्या इतिहासातलं एवढं मोठं पान पन्नास वर्षं कुणी वाचलंच नाही, याची हळहळ वाटते.

दुसरं पान मुंबईचं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले गिटारवादक. १९८२ मध्ये एचएमव्हीनं त्यांची एक तबकडी काढली: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस. साथीला माणूस एकही नाही, रोलँड कंपनीची फक्त तीन यंत्रं. रागाची धून ज्युपिटर-८ वर, ठेका टीआर-८०८ चा आणि खर्जातली चाल टीबी-३०३ ची.

हे ३०३ एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून काढलेलं चंदेरी डबडं. बास गिटारसारखं ते वाजेना, म्हणून १९८४ पर्यंत त्याचं उत्पादन थांबलं. मग जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं आणि शिकागोतल्या तरुणांनी त्याचे नॉब पिळून १९८७ मध्ये ॲसिड हाऊस नावाचं नृत्यसंगीत जन्माला घातलं. त्यामुळे २०१० मध्ये चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चक्रावले. पाच वर्षं आधी, मुंबईत, तोच आवाज? काहींना ती चक्क थाप वाटली.

मात्र या तबकडीला ॲसिड हाऊसची पूर्वज म्हणून गौरवणं अपुरं आहे. शिकागोत काय घडणार, याच्याशी तिचा काहीच संबंध नव्हता. ३०३ वर एखाद्या स्वराला स्लाइड लावली की आवाज तुटत नाही, पुढच्या स्वराकडे घसरत जातो. मींडच ती, पण घसरायला लागणारा वेळ यंत्रानंच ठरवलेला. गवई मींड हवी तितकी लांबवतो. इथं प्रत्येक मींड एकाच मापाची. तबकडीतला ललत या दृष्टीनं मुद्दाम ऐकावा. खालून ती एकाच मापाची घसरण पुन्हापुन्हा फिरते आणि वरची धून तिच्यावर मोकळेपणानं रेंगाळते.

जुन्या यंत्रांना आणखी एक खोड होती. खोलीतली हवा तापली की ऑसिलेटर सुरावरून सरकत; वादक ती आधीच सुरू करून गरम होऊ देत आणि मध्येमध्ये सूर लावून घेत. या खोडीतच त्यांची ऊब होती. एक ऑसिलेटर सेकंदाला २२० हेलकावे देत असेल आणि दुसरा २२१, तर दर सेकंदाला एक मंद लाट ऐकू येते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जवळजवळ जुळल्या की येते तीच. १९८३ मध्ये यामाहाचं डीएक्स-७ हे डिजिटल वाद्य आलं. त्याचे सूर सरकत नसत. पुढच्या काही वर्षांत ॲनालॉग यंत्रं अडगळीत गेली.

ती परतली आहेत. कॉर्गचं १९७८ चं एमएस-२० २०१३ मध्ये लहान आकारात पुन्हा आलं. १९७८ चंच प्रॉफेट-५ हे वाद्य २०२० मध्ये नव्यानं निघालं, आणि त्यावर ‘व्हिंटेज’ नावाचा एक नॉब आहे. तो फिरवला की नव्या, शिस्तशीर यंत्राचे सूर जुन्यासारखे किंचित भरकटू लागतात. कॉर्गच्या २०१७ च्या मोनोलॉगवर प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे थोडाथोडा उतरवता येतो. तोडीचा अतिकोमल गंधार पियानोच्या पट्टीत नाही. इथं तो लावता येतो. पण किती उतरवायचा, हे यंत्र सांगत नाही. शेजारी तंबोरा छेडत ठेवायचा आणि कानानं शोधत शोधत तो गंधार जागेवर आणायचा.