वय आणि भांडवलाची पेढी

कंपन्यांचे भाग व कर्जरोखे विकून त्यांस भांडवल उभारून देणे, हा गुंतवणूक-बँकेचा धंदा. त्यात कोणत्या वयी शिरावे? सिडनी वाईनबर्ग १९०७ साली न्यूयॉर्कच्या गोल्डमन सॅक्स पेढीत झाडूवाल्याचा मदतनीस म्हणून लागला, तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा पोर होता; १९३० साली तो तिचा प्रमुख भागीदार झाला. आज ती वाट उरलेली नाही. पहिल्या पायरीवर घेतात ती महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली बाविशीची मुले.

चाळिशीच्या गृहस्थास नकार मिळतो तो बुद्धी मंदावली म्हणून नव्हे. मध्यरात्रीपर्यंत आकडेमोड करावयाची, आणि चुका दाखविणारा वरिष्ठ आपल्याहून दहा वर्षांनी लहान. हे त्यास सोसेल काय, अशी पेढीस शंका असते. ती अगदीच निराधार नाही! मात्र औषधे, जहाजे अशा एखाद्या व्यवसायात ज्याची उमेद गेली, त्यास कारखानदार ओळखतात. त्या ओळखीच्या बळावर तो खालच्या पायऱ्या टाळून सल्लागार म्हणून वर बसू शकतो.

ओळख परमुलखातही नव्याने जोडता येते. सिगमंड वॉरबर्ग १९३४ साली नाझी जर्मनी सोडून लंडनला आला. घराणे पेढीवाल्यांचे खरे, तरी स्वतःच्या नावाची पेढी त्याने तेथे थाटली ती १९४६ साली, चाळिशी उलटल्यावर. इटलीतील हमरस्त्यांच्या कंपनीसाठी दीड कोटी डॉलरचे पहिले युरोरोखे तिने १९६३ साली काढले, तेव्हा तो साठ वर्षांचा होता.