बाण किती दुरून सोडावा?

(ज्ञातिमंडळाच्या नांदेड येथील वार्षिक मेळाव्यात युवक-युवतींसमोर दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांस आम्ही आजच्या भाषणाचा विषय कळविला, तेव्हा त्यांनी तो हसण्यावारी नेला. शिष्यवृत्त्या, वसतिगृहाची वर्गणी आणि वधूवर-परिचय यांच्या मध्येच हा विषय कोठून उपटला, अशी शंका आपणांपैकीही कित्येकांस आली असेल. तिचे निरसन आधी करतो. गेल्या मेळाव्यात किनवट-माहूरकडील काही तरुणांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले, "रानडुकरे आणि रोही उभे पीक लोळवितात. आमच्या हाती आता पन्नास मीटरवर अचूक नेम साधणारी कंपाउंड धनुष्ये आली आहेत. तीरकामठा तर आपल्या वाडवडिलांचा वारसा. मग आम्ही बाण का सोडू नये?" त्या दिवशी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर प्रामाणिक नव्हते. ती उणीव आज भरून काढावयाची आहे.

प्रथम कायद्याची गोष्ट. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे. आणि शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे, तर जखमी करणे, सापळ्यात पकडणे किंवा तसा प्रयत्न करणे हेही त्यात येते. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या काही प्राण्यांच्या बाबतीत अधिकृत अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. पण तो अधिकार त्याचा आहे, आपला नव्हे. पीक गेले तर पंचनामा करून घ्यावा आणि वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करावा. हा मार्ग कंटाळवाणा आहे हे आम्ही जाणतो. तरीही मार्ग तोच.

परंतु कायदा सांगून आम्ही खाली बसलो, तर तरुणांच्या मनातील मूळ गैरसमज तसाच राहील. तो गैरसमज असा की, बाण जितका दूर पोहोचतो आणि जितक्या दूरच्या लक्ष्यावर लागतो, तितके आपले सामर्थ्य. आमच्या घराने या गैरसमजाची किंमत एकदा मोजली आहे.

१९६२ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही दहा वर्षांचे होतो. आमचे चुलते, ज्यांस आम्ही आबा म्हणत असू, ज्वारी हुरड्यावर आली की शेतात माळ्यावर जागल करीत. त्यांच्याजवळ बांबूचा कामठा असे. माळ्यापासून पंचवीस पावलांवर एक पळस होता. पळसाच्या अलीकडे जनावर आले तरच बाण सोडावयाचा, पलीकडे असेल तर डबा वाजवून हाकलावयाचे, हा त्यांचा नेम. दिवस असताना ते अंतर ते पावलांनी मोजून ठेवीत. एका संध्याकाळी आम्ही हट्टाने त्यांच्याबरोबर गेलो. दिवस मावळता मावळता एक मोठे डुक्कर पळसाच्या पलीकडे, सुमारे पंचेचाळीस पावलांवर, आडवे उभे राहिले. आबांनी डब्याकडे हात नेला, आणि आम्ही कुजबुजलो, "आबा, मारा ना! एवढे मोठे आहे!" पुतण्यासमोर माघार कशी घ्यावी, असे त्या भल्या माणसास वाटले असावे. त्यांनी बाण सोडला.

बाण लागला, पण छातीस लागला नाही, पोटाच्या मागील बाजूस लागला. जनावर किंचाळत नाल्यात उतरले. पहाटे आबा आणि गावातील दोघे रक्ताचा माग काढीत गेले. माग नाल्यातील दगडांवर तुटला. जखमी डुक्कर झुडपात बसलेले असेल या भयाने तीन दिवस बायांस सरपणासाठी त्या बाजूस जाऊ दिले नाही. चौथ्या दिवशी गिधाडांनी जागा दाखविली. ते जनावर किती काळ तडफडले, ते कोणी सांगावे? आबांनी घरी येऊन कामठ्याची दोरी उतरविली आणि तो आढ्यास टांगला. आम्हांस ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "हात चुकला नाही, बाळा. अंतर चुकले." तेव्हापासून तो कामठा फक्त खंडेनवमीस पूजेसाठी खाली येतो.

अंतर चुकले म्हणजे नेमके काय चुकले, ते आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. तेच आज हिशेबाने मांडतो. बाण गोळीप्रमाणे धक्क्याने मारीत नाही. त्याचे पाते काळीज किंवा फुप्फुसे कापते आणि रक्तस्रावाने जनावर पडते. ही मर्माची जागा डुकराच्या किंवा चितळाच्या अंगात साधारण वीस ते पंचवीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढी असते. तिच्या बाहेर लागलेला बाण बहुधा जनावरास मारतो तो दिवसांनी, आणि यातना देऊन.

आता साध्या कामठ्याचा बाण सेकंदास पंचेचाळीस मीटर वेगाने सुटतो असे धरू. वीस मीटर अंतर तो अर्ध्या सेकंदाच्या आत काटतो आणि तेवढ्यात सुमारे एक मीटर खाली येतो. चाळीस मीटरला त्यास जवळजवळ नऊ दशांश सेकंद लागतो आणि तो सुमारे चार मीटर खाली येतो. अंतर दुप्पट, घसरण चौपट. म्हणून धनुर्धर अंतराच्या अंदाजाने नेम वर धरतो. सारी भिस्त त्या अंदाजावर असते. माणसाचा अंदाज दहांत एकाने चुकणे ही नित्याची गोष्ट. वीस मीटरऐवजी जनावर बावीस मीटरवर असेल, तर बाण सुमारे अकरा सेंटिमीटर खाली लागेल. ताटलीच्या कडेस का होईना, पण लागेल. चाळीसऐवजी चव्वेचाळीस असेल, तर तो चाळीस सेंटिमीटरांहून अधिक खाली जाईल. म्हणजे पायास लागेल किंवा मातीत जाईल. शिवाय आपल्याकडील काळ्या, उघड्या शिवारात दूरची वस्तू जवळ भासते, आणि मध्ये नाला असेल तर अधिकच. त्यात संधिप्रकाश. आबांचा दिवसा मोजलेला पळस हा या फसवणुकीवरील उपाय होता.

दुसरे कारण आवाजाचे. दोरीचा टणत्कार सेकंदास सुमारे तीनशे चाळीस मीटर वेगाने जातो, म्हणजे बाणाच्या कितीतरी आधी जनावराच्या कानी पडतो. वीस मीटरवर आवाज आणि बाण यांत एक तृतीयांश सेकंदाहून थोडे अधिक अंतर राहते. चाळीस मीटरवर ते पाऊण सेकंदाच्या वर जाते. सावध हरणास दचकून खाली दबावयास आणि उसळावयास एवढा अवकाश पुरेसा असतो. नेम कितीही अचूक असो, बाण पोहोचतो तेव्हा लक्ष्य त्या जागी उरत नाही.

येथे तरुण म्हणतील, "आमच्या कंपाउंड धनुष्याचा वेग याच्या दुपटीजवळ जातो, आणि पन्नास मीटरवर आमचे बाण पिवळ्या वर्तुळात बसतात." वेग वाढला की घसरण कमी होते हे खरे. पन्नास मीटरच्या कौशल्याचा अभिमान आम्हांसही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी अवघ्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण मिळविले. परंतु ते कौशल्य कोणत्या स्थितीत सिद्ध झाले ते पाहा. अंतर मोजलेले आणि जाहीर, लक्ष्य स्थिर, पायाखालची भूमी सपाट. आणि बाण चुकला तर जाते काय? एक गुण. मैदानावरील अंतर आपल्या कौशल्याची कमाल मर्यादा दाखविते. जिवंत प्राण्यावर बाण सोडण्याचे अंतर ठरते ते आपल्या सर्वांत वाईट दिवशीही, थकल्या हाताने आणि धडधडत्या छातीने, पहिलाच बाण जेथून ताटलीत बसेल तेथून. ही दोन अंतरे एक नव्हेत.

परदेशातील एक उदाहरण देतो. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात इशी नावाचा, याही जमातीतील अखेरचा पुरुष लोकांच्या नजरेस आला. सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाने त्याच्यापासून धनुष्याची विद्या घेतली आणि १९२३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. लांबच्या ठरावीक लक्ष्यावर पोप आपल्या गुरूहून सरस ठरले. रानात मात्र इशीची सर त्यांस आली नाही. इशी ओठांवर बोटे लावून असा आवाज काढी की ससे त्याच्याकडे येत. अंतर बाणाने जिंकावयाचे नसते, आपण जवळ जाऊन जिंकावयाचे असते, हे त्यास ठाऊक होते.

आपल्या परंपरेसही हे ठाऊक होते. लातूर जिल्ह्याच्या सीमेलगतच्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, बाराव्या शतकात राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचेही वर्णन आहे. मृगया तेव्हा राजमान्य होती. तरीही आपल्या आजीबाईंनी नातवंडांस कथा सांगितली ती कोणाची? दशरथाची. तो शब्दवेधी होता, आणि त्याचा नेम चुकलाही नव्हता. आवाज आला तेथे बाण बरोबर लागला; परंतु तेथे हत्ती नव्हता, श्रावण होता. जे दिसत नाही त्यावर सामर्थ्याच्या भरवशाने बाण सोडला, आणि एका अंध मातापित्यांचा आधार गेला. व्याधाने कृष्णाच्या पायास हरीण समजून बाण मारला, तीही गोष्ट याच जातीची.

म्हणून, तरुण मित्रांनो, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. आज कायद्याने आपल्यासाठी ते अंतर शून्यावर आणून ठेवले आहे, आणि त्यात वाडवडिलांचा अपमान नाही. त्यांचा खरा वारसा बाण सोडण्यात नव्हता. पळसाच्या पलीकडे असलेल्या जनावरासाठी डबा उचलण्यात होता. तो वारसा आबांकडून एका संध्याकाळी निसटला, कारण शेजारी बसलेल्या पोराने त्यांस भरीस घातले. ते पोर आज आपल्यापुढे उभे आहे.

हे कौशल्य आजही जोपासता येते. क्षेत्र-धनुर्विद्या नावाच्या खेळात चढउताराच्या भूमीवर लक्ष्ये मांडतात आणि स्पर्धेच्या एका भागात त्यांची अंतरे सांगतच नाहीत. नेमबाजाने ती नजरेने ओळखावयाची असतात. काही स्पर्धांत तर प्राण्यांच्या प्रतिकृती असतात. जे कसब आबांस शेतात लागे, ते येथे रक्त न सांडता लागते. आमची नात लातुरास धनुर्विद्या शिकते. गेल्या खंडेनवमीस तिने आढ्यावरचा कामठा उतरविला, पुसला आणि आम्हांस विचारले, "आजोबा, पळस कुठे होता?" आम्ही तिला शेतात नेले. पळस आता नाही. पण पंचवीस पावले आम्ही दोघांनी मोजली.

शेवटी मंडळास एक विनंती. वसतिगृहामागील पडक जागेत मुलामुलींसाठी धनुर्विद्येचे मैदान करावे. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध घालावा, जाळी लावावी, आणि बाण चुकला तर कोठे जाईल हे पाहिल्यावाचून कोणासही दोरी ओढू देऊ नये. पहिल्या देणगीदारांत आमचे नाव लिहून घ्यावे. मैदानाच्या एका बाजूस एक पळस लावावा, एवढीच आमची अट आहे.