सर्दीची गोळी घेण्यापूर्वी



पावसाळ्यात गाजरगवत फुलले की अनेक घरांत शिंका सुरू होतात. ताप नसतो, पण नाक गळते, डोळे खाजतात. ही बहुधा ॲलर्जी असते. आपण मेडिकलमध्ये जातो आणि म्हणतो, "सर्दीची गोळी द्या." विद्यार्थी असताना सहामाही परीक्षेच्या सकाळी मीही अशीच गोळी घेतली आणि पेपरात पेंगलो. नंतर पाकिटावरचे बारीक अक्षर वाचले : क्लोरफेनिरामाइन.

म्हणून सांगतो, कंपनीने दिलेले नाव नव्हे, आतल्या औषधाचे नाव वाचा. क्लोरफेनिरामाइनने झोप येते. सेटिरिझिनने कमी, तरी काहींना येतेच. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिनने क्वचितच येते. चोंदलेल्या नाकात घालायचे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. नाक उलट अधिक चोंदते. रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी, तसेच गरोदर भगिनींनी, डॉक्टरांना विचारूनच औषध घ्यावे. दम लागला, छातीत घरघर झाली, तर गोळीवर विसंबू नका, दवाखाना गाठा.

विद्यार्थी मित्रांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाकीटही तुम्हीच वाचून द्या. शिकलेल्या माणसाने न वाचता गोळी गिळू नये, एवढीच विनंती करून मी थांबतो.