हलके पुस्तक आणि चार मैत्रिणी



वसंत व्याख्यानाला शोभणारा विषय म्हणजे संतवाङ्मय, इतिहास, नाहीतर अर्थकारण, अशी आपली समजूत आहे. आम्ही आज बोलणार आहोत ते मैत्रिणींवरच्या आणि चॉकलेटवरच्या एका हसऱ्या कादंबरीविषयी. तेव्हा प्रारंभीच क्षमा मागावी, असे मनात आले होते. पण ती का मागावी, हाच आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे.

कॅरोल मॅथ्यूज या इंग्रज लेखिकेची 'द चॉकलेट लव्हर्स क्लब' ही कादंबरी २००७ साली प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये 'चॉकलेट हेवन' नावाचे एक दुकान आहे आणि ल्यूसी, ऑटम, नादिया व शांताल या चौघी तेथे जमतात. ल्यूसीला तिचा प्रियकर पुन:पुन्हा फसवतो. नादियाचा नवरा जुगारात पैसा घालवतो. ऑटमचा भाऊ व्यसनाच्या आहारी गेलेला आहे. शांतालचा संसार बिघडलेला, आणि भलत्या माणसावर भरवसा टाकून ती दागिने गमावून बसते. मग चौघी मिळून एक अफलातून बेत रचतात. कथानक म्हणावे तर एवढेच.

अशा पुस्तकावर वाचकांचे तीन अभिप्राय ऐकू येतात. पहिला, "वेळ मजेत गेला." दुसरा, "ही ल्यूसी शुद्ध वेडी! एकदा फसली, तरी पुन्हा त्याच्याकडे जाते कशी?" आणि तिसरा, "असे कुठे असते का हो?" या तिन्हींचा विचार करू.

"वेळ मजेत गेला" हे आपल्या भगिनी जरा ओशाळूनच सांगतात. "सहज हाती लागले म्हणून वाचले," अशी पुस्तीही जोडतात. याला थोडा आपला 'हलके' हा शब्द कारणीभूत आहे. हलका माणूस म्हटले की ती निंदा होते. पण हलका हात म्हटले की ती स्तुती होते. पुस्तकाला हलके म्हणताना आपण नकळत पहिला अर्थ धरतो. येथे एक गोष्ट आठवावी. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी ज्या साप्ताहिकातून क्रमश: बाहेर पडली, ते साप्ताहिक १८९० साली सुरू झाले आणि त्याचे नाव होते 'करमणूक'. यमूचे काळीज पिळवटणारे दु:ख मराठी घराघरांत शिरले ते करमणुकीच्या दारातून. तेव्हा करमणूक या शब्दाला लाजण्याचे कारण नाही.

दुसरा अभिप्राय आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. ल्यूसीवर वाचक रागावतात, कारण अशी एक तरी ल्यूसी त्यांनी जवळून पाहिलेली असते. येथे आम्ही लेखिकेची बाजू सर्वस्वी घेणार नाही. जुगाराने पोखरलेले घर चार विनोदांनी सावरत नाही. आमच्या मते अशा जागी लेखिका जरा घाईने पुढे सरकते. हसवणाऱ्याने दु:खाजवळ घटकाभर थांबावे, ही अपेक्षा रास्त आहे.

आता तिसरा अभिप्राय. असे कुठे असते का? दागिने परत मिळवण्याची युक्ती अशक्य कोटीतली आहे, हे कबूल. पण आपल्या म्हसळ्यात बसून वाचताना त्याहून अशक्य वाटते ते दुकानातले ते टेबल! चार बायका भर दिवसा, स्वत:च्या पैशाने, नुसत्या बोलण्यासाठी बसल्या आहेत आणि त्यांना कोणी हिशेब विचारत नाही.

आपल्याकडे मैत्रिणी नव्हत्या असे नव्हे. पाणवठ्यावर होत्या, जात्याच्या दोन बाजूंना होत्या, भोंडल्याच्या फेरात आणि लग्नघरच्या मेंदीत होत्या. ओव्यांत सासरची थट्टाही भरपूर आहे. पण ती भेट एकतर कामाला बांधलेली, नाहीतर सणाला, व्रताला. नळ आला, गिरणी आली, बायकांच्या पाठीवरचे ओझे उतरले. हे फार चांगले झाले. मात्र त्या ओझ्याबरोबर घटकाभराची भेटही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा आपण दिली नाही. पुरुषांना नाका आहे, चहाचे हॉटेल आहे, एस. टी. स्टँड आहे. तेथे तासभर बसलेल्याला कोणी "काय काम काढलेस?" असे विचारीत नाही.

यमूलाही मैत्रीण होती, दुर्गी. दोघी एकमेकींचे दु:ख जाणत होत्या, पण एकीच्या हातून दुसरीची सुटका होणे शक्य नव्हते. लंडनच्या या चौघी मात्र उठतात आणि काहीतरी करतात. शोकांतिका आणि हसरी कादंबरी यांतला हा फरक केवळ लेखणीचा नाही. हातात पैसा आणि भेटायला जागा असली, तरच मैत्रिणीच्या दु:खावर असा हसरा उतारा सुचतो.

आणि चॉकलेट? तेही आपल्याला परके नाही. आपल्या तालुक्यातली कितीतरी माणसे आखातात नोकरीला गेली. सुटीवर येताना बॅगेतून चॉकलेटचा डबा येतोच. तो उघडला की आधी मुले, मग शेजारीपाजारी, मग पाहुणे. घरच्या बाईच्या वाट्याला शेवटी काय येते? रिकामा डबा, सुईदोरा ठेवायला! (हशा) या कादंबरीतल्या चौघी डबा स्वत:साठी उघडतात. वाचणाऱ्या बाईला गंमत वाटते ती या गोष्टीची, आणि कुठेतरी थोडे खुपतेही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. वाचनालयाने आठवड्यातली एक दुपार बायकांसाठी राखावी. त्यांनी कोणतेही पुस्तक वाचावे, जड किंवा हलके, आणि त्यावर भांडावे. ल्यूसीला वेडी म्हणावे, नाहीतर तिची बाजू घ्यावी. ठराव नको, अहवाल नको, सत्कार तर नकोच. खुर्च्या आपल्याकडे आहेत. दुपारी त्या रिकाम्याच असतात. आणि आज सभेला आलेल्या बंधूंनी त्या दुपारी घरचा चहा स्वत: करून घ्यावा, म्हणजे निम्मे काम झाले.