पंधराव्या नावाची गोष्ट

२९ डिसेंबर २०१७ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाचा संघ पहिल्यांदा रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळायला उतरला. समोर दिल्ली. गौतम गंभीर, ऋषभ पंत, नितीश राणा अशी नावं. आणि विदर्भाच्या अकरा जणांत एक मुलगा असा, की त्याने तोवर एकही प्रथमश्रेणी सामना खेळलेला नव्हता. अकोल्याचा आदित्य ठाकरे, वय १९. उमेश यादव दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या भारतीय संघात असल्यामुळे एक जागा मोकळी झाली होती आणि ती या पोराला मिळाली. साठ वर्षांत एकदा आलेला सामना, आणि चेंडू नवख्याच्या हाती! सामना हातचा गेला असता तर निवड करणाऱ्यांची धडगत नव्हती.

विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि १ जानेवारी २०१८ रोजी करंडक पटकावला. त्यामुळे त्या निवडीबद्दल आज कोणी विचारत नाही. पण विचारायला हवं. पंधरा जणांचा संघ कसा निवडतात, हे समजून घ्यायचं असेल तर पहिल्या नावांपासून सुरुवात करून भागत नाही. पहिली दहा-बारा नावं कन्हानच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर बसून लिहिता येतात. त्या मोसमात फैज फजल, वसीम जाफर, संजय रामास्वामी, गणेश सतीश यांच्या नावांवर कोणाचं दुमत होणार? निवड समितीची खरी बैठक सुरू होते ती तेराव्या नावाला, आणि ताणली जाते ती पंधराव्याला.

तिथे प्रश्न बदलतो. ‘उरलेल्यांत चांगला कोण’ हे बाजूला पडतं आणि ‘आपल्याकडे काय नाही’ हे पुढे येतं. दोन डावखुरे फिरकीपटू आधीच यादीत असतील, तर तिसरा कितीही गुणी असला तरी घरी राहतो, आणि त्याच्यापेक्षा कमी बळी घेतलेला एखादा मध्यमगती गोलंदाज बसमध्ये चढतो. मग गावात कुजबुज सुरू होते, की अमक्याचा वशिला होता. वशिला कधीच नसतो असं कोणी म्हणू नये. पण पुष्कळदा तो नसतो. संघातली एक फट बुजवायची असते, एवढंच.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हा पेच दरवर्षी मार्चच्या शेवटी उघडपणे चर्चिला जातो. फेब्रुवारीत सगळे संघ फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनात सरावाला जमतात. करारातल्या मुख्य यादीत ४० नावं असतात, शिवाय नुसतं आमंत्रण मिळालेले कित्येक जण येतात, आणि पहिल्या सामन्याच्या दिवशी २६ जणांचीच यादी द्यावी लागते. त्यातली एक अट मोठी बोलकी आहे. ज्या खेळाडूला खालच्या दर्जाच्या संघात पाठवण्याच्या संधी संपल्या आहेत, त्याला खाली धाडायचं तर आधी इतर सगळ्या संघांपुढे ठेवावं लागतं. ज्याला हवा तो घेऊन जातो. म्हणून कधी कधी फॉर्मात असलेल्या तरुणाला ‘थोडं थांब’ म्हणून खाली पाठवतात आणि त्याच्यापेक्षा फिकं खेळलेल्या जुन्याला ठेवून घेतात. तरुण हातचा जात नाही, जुना गेला असता. हिशेब निर्दयी वाटतो, पण तो सर्वांना माहीत असतो. घरी परतणाऱ्या मुलाला निदान कारण कळतं.

आपल्याकडे नेमकं तेच कळत नाही. यादी जाहीर होते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, मुलगा वरून खाली आणि खालून वर वाचतो, आपलं नाव नाही एवढं त्याला समजतं. का नाही, हे सांगायला कोणी येत नाही. पंधरावं नाव गरजेवर ठरत असेल, तर सोळाव्याला ती गरज समजावून सांगणं हे निवड करणाऱ्याचं कामच आहे. त्यात उपकार कसले? ‘तू कमी पडलास’ आणि ‘आम्हाला या वेळी दुसरं काही हवं होतं’ या दोन वाक्यांत एका पोराच्या दोन-तीन वर्षांचा फरक असतो.

यष्टिरक्षकांचं उदाहरण घ्या. ग्लोव्हज एकालाच मिळतात. अक्षय वाडकरने त्या इंदूरच्या सामन्यात १३३ धावा केल्या, त्याचं पहिलं प्रथमश्रेणी शतक, आणि पुढे तो कर्णधारही झाला. अमरावतीचा जितेश शर्मा त्याच काळात विदर्भाचाच. पांढऱ्या चेंडूवर त्याने नाव कमावलं, भारताकडून टी-ट्वेंटी खेळला, २०२५ मध्ये आयपीएल जिंकणाऱ्या बंगळुरूच्या संघात होता; पण रणजीत त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले. यात चूक कोणाचीच नाही. जागा एक आणि माणसं दोन.

यादी पहिल्या दिवशी लागते, पण ती तिथे गोठून जाऊ नये, याचा पुरावाही त्याच मोसमात आहे. विदर्भ २०१७-१८ मध्ये नऊ सामने खेळला. रजनीश गुरबानी त्यातले सहाच खेळला. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला हा मुलगा सुरुवातीच्या अकरांत नव्हता, आणि त्या सहा सामन्यांत त्याने ३९ बळी घेतले. कोलकात्यात कर्नाटकविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात त्याने ६८ धावांत सात गडी बाद केले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात दिल्लीचा ध्रुव शोरी १४५ धावांवर घट्ट उभा होता. गुरबानीने षटकाच्या शेवटी विकास मिश्राचा त्रिफळा उडवला, पाठोपाठ नवदीप सैनीचा, आणि पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर शोरीचा. तिघेही त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच हॅट्‌ट्रिक. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित शिस्तीचे कडक म्हणून ओळखले जातात, पण मोसमाच्या मध्यात आपलीच यादी बदलायला ते कचरले नाहीत, हे त्यांचं मोठेपण जास्त.

बाहेरून येणाऱ्या खेळाडूंचा प्रश्न नाजूक आहे. नियमाप्रमाणे राज्याला तीन पाहुणे खेळाडू घेता येतात. प्रत्येक पाहुण्यामागे घरचा एक मुलगा बाहेर बसतो, ही तक्रार खरी आहे. पण जाफरकडे बघा. दुखापतीमुळे एक मोसम वाया गेला, तर पुढच्या मोसमात तो मानधन न घेता खेळला, आणि २०१८-१९ मध्ये चाळिशी ओलांडून हजारावर धावा केल्या. शोरीची कथा तर विलक्षण: २०१८ च्या सुरुवातीला जो विदर्भाविरुद्ध हरला, तोच २०२५ मध्ये विदर्भाकडून जिंकला. आणि २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा बळी घेणारा आपला आदित्य सरवटे २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून आपल्याचविरुद्ध उभा राहून ७९ धावा करून गेला. सरवटेच्या जागी उभा राहिलेला डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने त्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. रिकामी झालेली जागा कोणाला मिळते, यावर सगळं अवलंबून असतं. केरळविरुद्धच्या त्याच सामन्यात विदर्भाने सलामीवीर अथर्व तायडेला वगळून अक्षय कर्णेवारला घेतलं आणि सलामीला पार्थ रेखडेला पाठवलं. तो शून्यावर गेला, तीन बाद २४ अशी अवस्था झाली. मग दानिश मालेवारच्या १५३ आणि करुण नायरच्या ८६ धावांनी डाव सावरला. फलंदाज कमी करून गोलंदाज वाढवण्याचा तो जुगार होता, आणि रेखडेने गोलंदाजीत तीन बळी घेऊन आपल्या निवडीची परतफेड केली.

आता आपल्या भागाकडे येऊ. कन्हानहून वलनी किती लांब? कामठी, इंदर, गोंडेगावच्या खाणी जशा वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, तशीच वलनीची. तिथल्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव विशीपर्यंत टेनिस बॉलवर खेळत होता. सैन्यात प्रयत्न केला, पोलिसात केला, दोन्हीकडे जमलं नाही. लेदर बॉल हातात आला तो २००८ मध्ये, विदर्भ जिमखान्यात गेल्यावर. तेव्हाचा विदर्भाचा कर्णधार प्रीतम गंधे याने त्याचा वेग पाहिला आणि पाठीशी उभा राहिला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला उमेश मध्य प्रदेशविरुद्ध रणजी खेळला. चार सामन्यांत २० बळी. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, तो कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला.

२००८ च्या त्या रणजी यादीत उमेशचं नाव कागदावरून आलंच नसतं. १६ वर्षांखालील, १९ वर्षांखालील, कुठेही नोंद नाही. आकडे बघून निवड करणाऱ्याला उमेश दिसला नसता. डोळ्यांनी बघणाऱ्याला दिसला. कन्हान-पिपरीच्या, खापरखेड्याच्या मुलांची अडचण हीच आहे. ती नागपूरच्या गुझदर लीगमध्ये नसतात, शिबिराच्या संभाव्य यादीत नसतात, त्यामुळे पंधराव्या नावाच्या चर्चेपर्यंत त्यांचं नाव पोचतच नाही. रोज नागपूरला जाऊन-येऊन सराव करायचा तर बसभाडं, बूट, बॅट आणि बुडालेली मजुरी, सगळं घरच्यांच्या खिशातून.

नायर २०२५-२६ साठी कर्नाटकात परतला, जितेश बडोद्याला गेला. जागा मोकळ्या होतातच. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या निवड समितीतल्या एकाने तरी उन्हाळ्यात खाणपट्ट्यातल्या टेनिस बॉल स्पर्धांना येऊन बसावं, वेगवान टाकणाऱ्या मुलांची नावं उतरवून न्यावीत, आणि पावसाळ्यातल्या शिबिरात त्यांना लेदर बॉल आणि राहायला खोली द्यावी. इथल्या क्लबांनीही स्पर्धा संपल्यावर ढाल-करंडकांच्या फोटोंसोबत गोलंदाजांची नावं, वय आणि फोन नंबर त्यांच्याकडे पोचवावेत. येत्या स्पर्धेपासूनच हे सुरू करता येईल.