साथीच्या सालातले पनवेल



आपल्याकडचे जुने वैद्य शरद ऋतूला आपली आई म्हणत असत. आई का, तर पोटाला घालते म्हणून! पाऊस सरतो, आश्विनाचं ऊन चटके देऊ लागतं, दुपारी घाम आणि पहाटे गारवा. घरोघर कोणी ना कोणी अंथरूण धरतं आणि वैद्यबुवांच्या ओटीवर गर्दी होते. हा विनोद मी लहानपणी पनवेलमध्येच ऐकला. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली ज्या गावात धूतपापेश्वराचा औषधांचा कारखाना काढला, त्या गावात असला विनोद चालायचाच.

२०२० सालचा शरद मात्र विनोद करण्यासारखा नव्हता. त्या वर्षी आश्विन महिना अधिक आला. १८ सप्टेंबरला लागला तो १६ ऑक्टोबरला सरला, घट १७ ऑक्टोबरला बसले आणि दसरा २५ तारखेला आला. टाळेबंदीला सात महिने होऊन गेले होते. कॉलेज बंद, तास मोबाइलवर. समोर विद्यार्थी नाहीत, नुसती त्यांची नावं दिसतात, अशा वर्गाला इतिहास शिकवणं म्हणजे विहिरीत बोलण्यासारखंच. तास संपला की मी मुखपट्टी बांधून जुन्या पनवेलात फिरायला निघत असे. त्या फिरण्यात जे पाहिलं आणि जे मनात आलं, ते आज सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, पनवेल हे कसलं ऐतिहासिक शहर? तिथं राजवाडा नाही की तट नाही. किल्ला म्हणावा तर कर्नाळा, तोही गावाबाहेर लांब. खरं आहे. पनवेलचा इतिहास दगडी भिंतींत नाही, वाटांत आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला बोरघाटाची वाट. मुंबईहून माल होड्यांनी बंदराला लागायचा आणि बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा तर पुण्या-मुंबईची सगळी ये-जा इथूनच होऊ लागली. बैलगाडीची चाकं करण्याचा धंदा इथं इतका वाढला की इंग्रजांनी आपल्या गॅझेटियरात त्याची नोंद केली. १८५२ साली गावाला नगरपालिका मिळाली. मग आगगाडी आली आणि ती कर्जतवरून घाट चढून गेली, १८६३ साली. पनवेल बाजूला पडलं. पण वाटांचं नशीब बघा! आज मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग इथल्या कळंबोलीहून सुटतो आणि कोकणातून गोव्याकडे जाणारा महामार्गही पनवेलपासूनच सुरू होतो.

वाटेने मीठ येतं, तांदूळ येतो, पाहुणा येतो, बातमी येते आणि रोगही येतो. वाटेवरच्या गावाला दार लावून घेता येत नाही, ही त्याची अडचण. टाळेबंदीच्या पहिल्या दोन महिन्यांत याच रस्त्यांवरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन पायी चालली होती. कोणी घाटावर, कोणी कोकणात, कोणी थेट उत्तरेकडे. पुढे पनवेल स्थानकातून श्रमिकांसाठी खास गाड्या सुटल्या. श्रावण सरता सरता गणपतीसाठी चाकरमानी निघाले, तेव्हा हातात पास होता आणि गावी पोचल्यावर दहा दिवस वेगळं राहण्याची अट. तुमच्यापैकी किती जणांच्या गावांच्या वेशीवर त्या उन्हाळ्यात बांबू आडवे पडले होते, ते तुम्हाला सांगायला नको.

असो. मी लाईन आळीतून निघायचो, मिरची गल्लीत शिरायचो. एरवी या गल्लीत शिंकल्याशिवाय माणूस बाहेर पडत नाही. त्या दिवसांत शिंक आली की चार माणसं वळून बघायची आणि शिंकणारा अपराध्यासारखा म्हणायचा, "मिरचीची आहे हो, मिरचीची!" दुकानांच्या तोंडाशी दोऱ्या बांधलेल्या, रस्त्यावर चुन्याने काढलेली वर्तुळं, पावसाने निम्मी पुसलेली. गिऱ्हाईक वर्तुळात उभं राहून यादी ओरडून सांगायचं. दुकानदार पैसे ताटलीत टाकायला लावायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात भाताच्या लोंब्या विकायला बसलेली एक बाई भेटली. आपल्याकडे दसऱ्याला दारावर 'नवं' बांधतात, त्यासाठी. लोंब्या काळवंडल्या होत्या. त्या वर्षी जूनच्या ३ तारखेला निसर्ग वादळाने रायगड जिल्हा झोडपला होता आणि ऑक्टोबरच्या मध्याला परतीच्या पावसाने कापणीला आलेलं भात आडवं केलं. मी म्हटलं, "मावशी, मुखपट्टी वर घ्या की." ती म्हणाली, "मास्तर, तोंड झाकलं तर भाव कसा सांगू?" मग तिनेच सांगितलं. उन्हाळ्यात ती मुंबईहून लेकाकडून परत आली, तर गावाने तिला घरी जाऊ दिलं नाही. चौदा दिवस मराठी शाळेच्या खोलीत ठेवलं. "पोरपणी शाळेत गेली नाही, म्हातारपणी रात्रंदिवस शाळेत!" असं म्हणून ती हसली. पण लगेच म्हणाली, "जेवण लांब ठेवून जायचे, कुत्र्याला ठेवतात तसं." दोन जुड्या घेऊन मी पुढे निघालो.

तिच्या त्या शेवटच्या वाक्याने मला जुन्या घरांच्या ओट्यांकडे नीट बघायला लावलं. पनवेलमध्ये अजून काही कौलारू घरं उरली आहेत. बाहेर ओटा, मग पडवी, मग माजघर. त्या दिवसांत अनेक जण कौतुकाने म्हणत, आपल्या वाडवडिलांना अंतराचं शास्त्र ठाऊक होतं. आलेल्याने पाय धुवावेत, ओट्यावर बसावं, मगच आत यावं. पाय धुण्याचं शहाणपण मला मान्य आहे. पण त्या ओट्याने नुसता रोग बाहेर ठेवला नाही. माणसंही पिढ्यान्पिढ्या बाहेर ठेवली, आणि त्यांना कसलाच रोग नव्हता. तेव्हा अंतराचं कौतुक करताना इतिहासाच्या मास्तराने जरा जपूनच बोलावं.

दाराची एक वेगळी गोष्टही याच गावात आहे. पनवेलमध्ये बेने इस्राएल लोकांचं 'बेथ एल' नावाचं प्रार्थनामंदिर आहे, १८४९ सालचं. हे लोक शेकडो वर्षं कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली'. त्यांचे मोठे सण शरदातच येतात आणि त्या सणांना त्यांनी मराठी नावं दिली. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. त्यानंतर उपवासाचा, क्षमा मागण्याचा दिवस, त्याचं जुनं नाव 'दारफळणीचा सण', म्हणजे दारं लावून घेण्याचा सण. पांढरे कपडे घालायचे, घरात राहायचं, बाहेरच्याशी संबंध ठेवायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण': दारं उघडायची, गरिबांना दान द्यायचं, एकमेकांच्या घरी जायचं. २०२० मध्ये हा दार लावण्याचा दिवस २८ सप्टेंबरला आला होता. मी त्या वास्तूसमोरून गेलो तेव्हा सारं गावच दारफळणीत होतं. शिळा सण कधी येणार, ते मात्र कोणत्याच पंचांगात नव्हतं.

आता थोडं मागे जाऊ. शाळा-कॉलेजं बंद करणारे, बाजार मिटवणारे जे हुकूम त्या वर्षी निघाले, त्यांच्या मागे उभा असलेला साथरोगांचा कायदा १८९७ सालचा होता. महाराष्ट्र सरकारने तो १३ मार्च २०२० रोजी लागू केला. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उघडकीला आला आणि काही महिन्यांत निम्मं शहर पळालं. त्या घबराटीत फेब्रुवारी १८९७ मध्ये तो कायदा झाला. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी स्वतः उचलून मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात नेलं आणि तोच रोग त्यांना लागला. शिक्षक श्रोत्यांना हे ठाऊक असेलच.

प्लेगात गावाने काय करायचं हे म्हाताऱ्यांना पाठ होतं: उंदीर पडू लागले की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या बांधून राहायचं. ते बरोबरच होतं, कारण प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून येतो, घर सोडलं की पिसू सुटते. कोरोना श्वासातून येतो, म्हणून यावेळी उलट सांगावं लागलं, घरातच राहा. साथ आली की काय करावं याचं एकच उत्तर नसतं, रोगाची वाट कोणती ते आधी बघावं लागतं.

पण २०२० च्या शरदाशी खरं नातं आहे ते १९१८ च्या शरदाचं. त्या साथीला आपल्या लोकांनी नाव दिलं होतं 'मानमोडी'. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने पडले, ती पहिली लाट सौम्य. सप्टेंबरात दुसरी आली ती कर्दनकाळ. ६ ऑक्टोबरला, नवरात्राच्या तोंडाशी, एका मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं मेली. त्या वर्षी पाऊसही फसला होता. ताप आणि भूक बरोबरच आली. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर बळी गेले, देशभरात सव्वा कोटींपासून दोन कोटींपर्यंत आकडे सांगतात. त्यात विशी ते चाळिशीतली धडधाकट माणसं अधिक, आणि त्यातही बाया अधिक. १९२१ ची खानेसुमारी १९११ पेक्षा कमी भरली. असं त्यानंतर कधीच झालेलं नाही.

मी पनवेलमध्ये त्या संध्याकाळी मुद्दाम शोधत फिरलो. वडाळे तलावाच्या काठाने गेलो. बल्लाळेश्वराचं दार बंद होतं, लोक बाहेरून हात जोडून पुढे जात होते; राज्यातली देवळं पुढे १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. तिथून बंदर रोडने खाडीच्या बाजूला उतरलो. चौकात हुतात्म्यांची नावं आहेत, दात्यांच्या पाट्या आहेत. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके आम्हाला शाळेपासून पाठ आहेत. मानमोडीचा एक दगड मला आढळला नाही. जी साथ लढाईपेक्षा जास्त माणसं घेऊन गेली, तिची आठवण आजीच्या एखाद्या वाक्यात तेवढी उरली, "ती मानमोडीच्या सालची, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठी." आता ती वाक्यं बोलणाऱ्या आज्याही राहिल्या नाहीत.

म्हणून माझं गावोगावच्या गुरुजींना आणि बाईंना एक मागणं आहे. तुमच्या शाळेला शंभर वर्षं झाली असतील, तर कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर काढा. १९१८ आणि १९१९ ची पानं बघा. किती मुलांची नावं त्या दिवाळीनंतर कमी झाली, शाळा सोडल्याच्या रकान्यात काय लिहिलं आहे, ते वाचा. दगडावर लिहिलेलं नसलं तरी शाईने लिहिलेलं तिथं असू शकेल.

आणि २०२० विसरायच्या आत लिहून काढा. तुम्ही स्वतः त्या वर्षी नाक्यावर पहारे दिले, घरोघर ताप मोजत फिरलात. शाळेच्या कोणत्या खोलीत कोण किती दिवस राहिलं, जेवण कोणी आणलं, कोणी आणलं नाही. वेशीवर बांबू कोणी लावले, ते कोणासाठी उघडले आणि कोणासाठी नाही. कोणत्या मुलाच्या घरी मोबाइल होता, कोणती मुलगी त्या वर्षी शाळेतून गेली ती परत आली नाही. गावाने त्या सालाला काय नाव ठेवलं. मुलांना घरी विचारून यायला सांगा, म्हातारी माणसं आहेत तोवर. लाजिरवाणं असेल तेही लिहा. दोनशे पानी एक वही पुरेल. वर शाळेचं नाव आणि साल घाला आणि जनरल रजिस्टरच्या शेजारी ठेवून द्या.