घोडा, घोरपड आणि नागीण तोफ

(या भागाचा लिखित मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त मधली खोकल्याची उबळ काढलीय.)

पवनानगरहून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, धरणाकडून वारा येतोय, त्यामुळे आवाजात थोडी घरघर आली तर सांभाळून घ्या. हेडफोन असतील तर लावा.

आज सुरुवात माझ्याच एका फजितीनं करतो. तुम्हाला माहितीये, शनिवार-रविवार मी पाहुण्यांना तिकोन्यावर घेऊन जातो. मागच्या हिवाळ्यात पिंपरीहून एक ग्रुप आलेला. वर पोचलो, समोर पाणी, पलीकडं तुंग, इकडं लोहगड-विसापूर. मला जोर चढला. म्हटलं, तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट सांगूया. सांगितली. कोंढाण्यावर औरंगजेबानं पाठवलेली ती अजस्र नागीण तोफ, तिचं तोंड राजगडाकडं, सगळं हातवारे करून. पोरं खूश. एकानं रीलसुद्धा काढलं.

खाली उतरलो, चहा घेत होतो. शेजारी आमच्याकडचेच एक निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांनी सगळं ऐकलेलं. एवढंच म्हणाले, "बाळा, ती तोफ कुठल्या बखरीत वाचलीस?"

मी गप्प. कारण ती तोफ मी बखरीत नव्हे, थिएटरात वाचली होती. २०२० चा 'तान्हाजी', ओम राऊतचा. मी इतिहास म्हणून सिनेमाचा क्लायमॅक्स विकून आलो होतो, तेही ज्या मावळातनं मावळे गेले त्याच मावळात उभं राहून.

त्या रात्री घरी येऊन मी 'ट्रॉय' लावला. २००४ चा, वोल्फगांग पीटरसनचा, ब्रॅड पिट वाला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हिंदी डबिंगमध्ये टीव्हीवर पाहिला असेल. म्हटलं बघू, आपणच असं करतो का जगात सगळेच करतात.

तर सगळेच करतात. होमरचं 'इलियड' दहा वर्षं चाललेल्या युद्धातल्या शेवटच्या वर्षातले पन्नासेक दिवस सांगतं. सिनेमात अख्खं युद्ध काही आठवड्यांत उरकतं. देव तर जवळपास गायबच केलेत. होमरकडं ते पानापानावर येऊन भांडतात. मेनेलाऊस, म्हणजे हेलनचा नवरा, सिनेमात हेक्टरच्या हातून मरतो. मूळ कथेत तो हेलनला घेऊन सुखरूप घरी जातो. ॲगामेम्नॉनला सिनेमात ब्रिसेइस मारते. कथेत त्याला घरी परतल्यावर त्याची बायको आणि तिचा प्रियकर संपवतात.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे तो लाकडी घोडा. 'इलियड' हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर संपतं. घोड्याचा प्रसंग त्यात नाहीच. तो 'ओडिसी'त आठवण म्हणून येतो, आणि सविस्तर सांगतो तो रोमन कवी व्हर्जिल, कित्येक शतकांनी. पण लोकांच्या डोक्यात ट्रॉय म्हणजे घोडा. सिनेमासाठी बनवलेला घोडा आज तुर्कस्तानात चनाक्कले शहरात उभा आहे, लोक त्याच्यापुढं फोटो काढतात. खऱ्या ट्रॉयचे अवशेष तिथनं थोड्या अंतरावर हिसार्लिकला आहेत.

आता आपल्याकडं या. आपला घोडा कोणता? घोरपड!

४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. त्याआधी पाच वर्षं, १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. त्या यादीत कोंढाणा होता, आणि ऐका, आपले लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चारही होते. म्हणजे ज्या दगडावर बसून आपण मॅगी खातो, तोही गेला होता. ही गोष्ट दुसऱ्या कुणाची नाही.

कृष्णाजी अनंत सभासदानं सतराव्या शतकाच्या शेवटी जिंजीला बसून बखर लिहिली. त्यात काय आहे? तानाजी पाचशे माणसं घेऊन जातो. मावळे वानरासारखे कडा चढतात, वर जाऊन माळ लावतात, म्हणजे दोराची शिडी. लढाई होते. तानाजी आणि उदेभान समोरासमोर येतात, दोघंही पडतात. धाकटा भाऊ सूर्याजी लोकांना सावरतो, गड घेतो. घरांना आग लावून राजगडाला खूण देतात. बस. यात घोरपड नाही, तोफ नाही.

घोरपड येते ती पोवाड्यात. तुळशीदास शाहिराचा पोवाडा. त्यात रायबाचं लग्न आहे, यशवंती घोरपड आहे, उदेभानाचा चंद्रावळी हत्ती आहे. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरि नारायण आपटे 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहितात, त्यात कमलकुमारी येते, उदेभानानं जबरदस्तीनं आणलेली रजपूत स्त्री. पळवून आणलेली बाई आणि तिच्याभोवती युद्ध, हेलनचीच सावली म्हणा ना. १९२३ मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटर 'सिंहगड' हा मूकपट काढतात. त्यात तरुण शांताराम शेलारमामा झालेले. दहा वर्षांनी, १९३३ ला, तेच व्ही. शांताराम प्रभातसाठी बोलपट 'सिंहगड' करतात, आपट्यांच्याच कादंबरीवर. आणि २०२० च्या सिनेमातही कमल आहेच. बघा, एक पात्र कादंबरीतनं निघालं आणि शंभर वर्षं पडद्यावर टिकलं.

म्हणून मला आता "सिनेमानं वाट लावली" असं सरसकट म्हणवत नाही. शाहिरानं वाढवलं, कादंबरीकारानं वाढवलं, सिनेमावाल्यानं वाढवलं. पोवाड्यातला उदेभानसुद्धा राक्षसासारखा जेवतो. त्यामुळं 'तान्हाजी'त सैफ अली खान मगर खातो, तेव्हा सिनेमा बखरीला सोडून पोवाड्याच्याच वाटेनं चाललेला असतो. पुढं त्याच सैफनं एका मुलाखतीत, हा काही इतिहास नाही असं आपल्याला वाटतं, असं म्हटलं आणि त्याच्यावर टीका झाली. पण नटाचं सोडा. प्रश्न आपला आहे.

मला खटकलं ते तोफेपेक्षा वेगळं काहीतरी. 'ट्रॉय'नं इतकी मोडतोड केली, पण एक प्रसंग जपला. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री एकटा शत्रूच्या तंबूत जातो. ज्या हातांनी मुलाला मारलं त्याच हातांचं चुंबन घेतो आणि मुलाचं प्रेत मागतो. पीटर ओटूलनं ते काम केलंय. तिथं अकिलीस रडतो. ग्रीक शाहीर ग्रीकांच्या विजयाची कथा सांगतोय आणि आपल्याला शत्रूच्या बापासाठी रडवतोय.

आणि सभासद? त्याच्याकडं उदेभान मगर खात नाही. तो शूर आहे. दोन मोठे योद्धे एकमेकांवर तुटून पडले आणि दोघंही गेले, असा त्या प्रसंगाचा सूर आहे. लढाईला तीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा एका मराठी माणसानं शत्रूला शूर म्हणायला हात आखडला नाही. साधा विचार करा. समोर राक्षस असेल तर त्याला मारण्यात तानाजीचं काय मोठेपण? समोर तोलामोलाचा वीर असेल, तरच ती झुंज. उदेभानाला लहान केलं की तानाजीही थोडा लहान होतो. हे मला गुरुजींच्या एका प्रश्नानं कळलं.

मग आता मी काय करतो? घोरपड सोडली नाहीये. (हसतो) सोडली तर पोरं ऐकणारच नाहीत. पण आता सांगताना तीन दोऱ्या वेगळ्या धरतो. "बखरीत असं आहे. शाहीर असं गातो. सिनेमात असं दाखवलंय." एवढी तीन वाक्यं. गोष्टीचा जोर कमी होत नाही, उलट पोरं विचारतात, मग दादा खरं कुठलं? तो प्रश्न पडला की माझं काम झालं. परवा एक सातवीतली मुलगी म्हणाली, "म्हणजे सगळ्यात आधी कुणी सांगितलं ते बघायचं." मी म्हटलं, तूच ये पुढच्या वेळी गाइड म्हणून.

ते जुनं रील अजून फिरतंय. ते माझ्या हातात नाही. म्हणून हा भाग केला. तुमच्यापर्यंत ते आलं असेल, तर त्याच्याखाली हा भाग चिकटवा. माझी चूक आहे, मीच निस्तरतो.

आणि नोलननं 'ओडिसी' हातात घेतल्यापासून तुमचे मेसेज येतायत, बघायचा का? बघा की. मोठ्या पडद्यावर बघा. फक्त बाहेर आल्यावर कुणाला सांगताना, होमरचं काय आणि नोलनचं काय, एवढं वेगळं ठेवा.

तुमच्या गावच्या गडाची, देवळाची, बारवेची अशी एखादी गोष्ट असेल, जी घरात एक सांगतात आणि सिनेमात दुसरीच दाखवलीय, तर व्हॉइस नोट पाठवा. आजीच्या आवाजात असेल तर फारच छान.

चला, पावसात गडावर जाताय तर बूट चांगले घाला, कचरा खाली आणा. भेटू पुढच्या भागात. राम राम.